डोंबिवली ते फोर्ट: रोजच्या वाटेवर बघायचं तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही रोज डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाता, घरी पोचेपर्यंत रात्र होते, रविवार घरकामात जातो. दोन-तीन महिन्यांतून एकदा लोणावळा किंवा अलिबाग होतं, तेही निम्मं रस्त्यात अडकून. जो तो सांगतो की छोट्या गोष्टींत आनंद शोध. तुम्ही विचारलंय, "शोधायचा म्हणजे नेमकं करायचं काय? मी खिडकीबाहेर बघते तर मला रूळ, नाले आणि बिल्डिंगच्या मागच्या बाजू दिसतात." आणि शेवटी, जुलैमधलं लोणावळ्याचं बुकिंग ठेवू की रद्द करू?

मी ठाण्यात राहते. लोकांना शहरातल्या शहरातच झाडं, पक्षी, खाडी दाखवायला घेऊन जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. माझ्याबरोबर येणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच असतात: कल्याण, डोंबिवली, बोरिवली, वाशीहून येणारे, आठवडाभर लोकलने दमलेले. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. मात्र त्याचं जे उत्तर सगळीकडे मिळतं, ते मला अपुरं वाटतं. "थांबा, श्वास घ्या, आजूबाजूला बघा" हे सांगणं सोपं आहे. सकाळी आठ एकोणीसच्या गाडीत थांबायला जागाच नसते आणि आजूबाजूला लोकांचे खांदे असतात.

आधी परिस्थितीचं बोलू, कारण बरंच काही त्यावर अवलंबून आहे. तुम्हाला बसायला मिळतं की नाही, तुम्ही जागा मिळावी म्हणून आधी उलट कल्याणला जाऊन तिथून येता की डोंबिवलीलाच चढता, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, रात्री झोप किती होते, या सगळ्याने फरक पडतो. पाच तास झोपणाऱ्या बाईला मी आधी झोपायला सांगेन; गाडीत डोळे मिटले तरी काही बिघडत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगते. पूर्वी ज्यात मन रमायचं त्यातलं काहीच आवडेनासं झालं असेल, कित्येक आठवडे सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर तो झाडं-पक्षी बघून सुटणारा प्रश्न नाही. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पण तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही. तुम्ही दमलेल्या आहात आणि कंटाळलेल्या आहात, एवढंच दिसलं.

आता मूळ अडचण. तुम्ही बघत नाही असं मुळीच नाही. रूळ, नाले, बिल्डिंगच्या मागच्या बाजू हे तुम्ही नीट पाहिलंय. फक्त त्यातल्या एकाही गोष्टीशी तुमची ओळख झालेली नाही, आणि अनोळखी गोष्टी डोळ्यांसमोरून नुसत्या सरकत जातात. फिरायला येणाऱ्यांमध्ये मी हे कायम पाहते. पहिल्या दिवशी एखादा पक्षी दाखवला की लोक "वा" म्हणतात, फोटो काढतात, पुढे जातात. खरा आनंद दिसतो तो काही आठवड्यांनी, जेव्हा तोच माणूस मेसेज करतो, "मॅडम, आमच्या ऑफिसच्या खिडकीत तोच आला होता!" पक्षी तोच, साधाच. पण या वेळी तो त्याने स्वतः ओळखलेला असतो. म्हणून माझं सांगणं असं की आनंद शोधायला निघू नका. आपल्या रोजच्या वाटेवरच्या दोन-तीन गोष्टींशी नीट ओळख करून घ्या. पुढचं बरंचसं आपोआप होतं.

मी सहसा तांबटापासून सुरुवात करून देते. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, गुबगुबीत पक्षी. कपाळावर लाल ठिपका, गळा पिवळा, त्याखाली लाल पट्टा. दिसण्याआधी तो ऐकू येतो: पुक्, पुक्, पुक्, एका लयीत, मिनिटभरही न थांबता, कुणी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारत बसल्यासारखा. थंडी सरली की हा आवाज वाढतो आणि एप्रिल-मेच्या भर दुपारीसुद्धा चालू असतो. तुम्ही तो आजवर हजारदा ऐकलेला आहे. डोंबिवलीत आहे, फोर्टात आहे, जिथे वड, पिंपळ, उंबर आहेत तिथे तो आहे, कारण त्यांची फळं हे त्याचं मुख्य खाणं. ओरडताना त्याची चोच बंद असते, गळा तेवढा फुगतो. आणि तो मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि शोधणारा चकतो. सकाळच्या उन्हात तो झाडाच्या शेंड्यावरच्या सुक्या काटकीवर बसतो, तिथेच बघा. पुढे वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला एक गोल, चक्क कंपासने आखल्यासारखं भोक दिसलं तर ते त्याचं घर.

एवढं कळल्यावर काय होतं ते सांगते. तुम्ही स्टेशनकडे धावत असता, डोक्यात मीटिंग असते आणि कानावर "पुक् पुक्" येतं. तुम्ही थांबत नाही, चालत राहता. पण मनात उमटतं, "अरे, हा आला." दोन सेकंदांचीच गोष्ट. त्यासाठी वेळ काढावा लागत नाही, जागा लागत नाही, पैसे तर नाहीतच. फक्त आधी कधीतरी एकदा त्याची ओळख करून घ्यावी लागते. ती रविवारी सकाळी वीस मिनिटांत होते. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन हे मोफत अ‍ॅप फोनवर आहे, ते सुरुवातीला उपयोगी पडतं. थोड्याच दिवसांत त्याची गरज उरत नाही.

तुमच्या वाटेवर मी काय निवडलं असतं? गाडी दिव्याहून निघून मुंब्र्यावरून कळव्याकडे जाते तेव्हा मुंबईकडे तोंड केलं तर डाव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि उजवीकडे उल्हास नदीची खाडी असते. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून आपण जातो. पावसाळ्यात त्या डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात. नीट लक्ष ठेवलंत तर रात्री किती पाऊस झाला ते त्या रेघांवरून सांगता येतं: मोठा पाऊस झाला असला की जिथे एरवी कातळ असतो तिथेही पाणी दिसतं, आणि पाऊस थांबला की काही तासांत रेघा बारीक होत जातात. सप्टेंबरअखेर डोंगर हिरवागार, डिसेंबरात पिवळट, मार्चमध्ये तपकिरी. एका डोंगराचं वर्षभराचं कॅलेंडर तुम्हाला सेकंड क्लासच्या पासात मिळतं. आतल्या गर्दीत उभ्या असाल तर काही दिसणार नाही, हे मान्य. म्हणून रोज बघायचा हट्ट धरू नका. ज्या दिवशी खिडकी मिळेल त्या दिवशी बघा. दाराशी लटकून मात्र कधीही नाही. त्या पट्ट्यात गाडीतून पडून माणसं गेलेली आहेत.

खाडीचं आणखी एक सांगते, कारण ते मला मनापासून आवडतं. कधी खाडी काठोकाठ भरलेली दिसते, कधी नुसता चिखल. हे कधी होणार याचा एक जुना अंदाज आपल्या किनाऱ्यावर चालत आलाय: पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता समुद्राला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्याच्या आधी-नंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हाच त्या हिशेबाचा पाया. खाडीत आतवर पाणी पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, तेव्हा मुंब्र्याला थोडं मागेपुढे होईल. घरातल्या कालनिर्णयात तिथी बघा, मनात गणित करा आणि गाडीतून पडताळा. दिवसाकाठी एक मिनिटाचं काम. माझ्या ओळखीच्या कित्येक जणांना यातच गोडी लागली, ज्यांना पक्ष्यांत अजिबात रस नव्हता.

या गणिताचा पुढे मोठा फायदा होतो. ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, मोठ्या संख्येने असतात. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. लोक शिवडीला किंवा ऐरोलीला जातात आणि "काहीच दिसलं नाही" म्हणून परततात, कारण भरतीची वेळ न बघता गेलेले असतात. भरती पूर्ण चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी दुसरीकडे सरकतात. पूर्ण ओहोटी असेल तर ते दूरवर पांगतात, डोळ्यांना नुसती गुलाबी रेघ. काठावरून बघायला मधली वेळ चांगली. ऐरोलीची बोट घेणार असाल तर तिला पाणी लागतं, म्हणून तिथल्या फेऱ्यांच्या वेळा आधी विचारून जा. हा तुमचा अर्ध्या दिवसाचा प्रवास. लोणावळ्याइतकं दमायला होणार नाही.

गाडीच्या आतलं काय? माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांपेक्षा बायकांकडे इथे जास्त सांगण्यासारखं असतं. लेडीज डब्यात परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका, कानातल्यांचा पुठ्ठा घेऊन फिरणारी विक्रेती, संक्रांतीनंतर डब्यातच होणारं हळदीकुंकू, दसऱ्याच्या आधी गाडीला लावलेली तोरणं आणि झेंडूची माळ. हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. एकच सुचवते. रोजच्या चेहऱ्यांपैकी एकीशी तरी ओळख काढा. मोठं काही बोलायला नको. "आज उशीर झाला का?" एवढं पुरतं. रोज एकाच डब्यात शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईचं नाव ठाऊक असणं आणि नसणं, यात प्रवास फार वेगळा होतो.

उभ्याने जाताना डोळे मिटून कान उघडे ठेवले तरी वाट कळते. कळव्याहून ठाण्याकडे येताना गाडी पुलावर चढली की चाकांचा आवाज पोकळ होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी स्टेशनबाहेर पडल्यावर गोडसर, डोकं जड करणारा वास आला तर जवळपास सातवीण फुललीय असं समजा. काहींना त्या वासाने खरंच डोकं दुखतं, तेव्हा तो सगळ्यांना आवडेल असं म्हणत नाही. त्याच सुमारास बुचाच्या झाडाखाली सकाळी लांब देठांची पांढरी फुलं पडलेली असतात. एक उचलून पर्समध्ये टाका, ऑफिसात पोचेपर्यंत वास राहतो.

सीएसएमटीला तुम्ही रोज उतरता. त्या इमारतीतून लाखो माणसं जातात आणि वर बघणारं क्वचितच कुणी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावर बांधलेली ही इमारत १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला व्हिक्टोरिया टर्मिनस झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. पण मला त्यातलं सगळ्यांत प्रिय काही असेल तर दगडातलं कोरीवकाम. त्यातलं बरंचसं काम जेजे कला शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. मोर आहेत, माकडं आहेत, पानांची नक्षी आहे, आणि दोन पानं हुबेहूब सारखी शोधून सापडणं अवघड. एका दिवशी सगळं बघायला जाऊ नका. एक खांब घ्या. आठवडाभर येता-जाता तेवढाच बघा, पुढच्या आठवड्यात दुसरा. वारसा-फेरीत दोन तासांत जे कळत नाही ते अशा रमतगमत बघण्यात कळतं. थंडीत आझाद मैदानाच्या बाजूने चालत गेलात तर गवतात शेपटी वर-खाली हलवत तुरुतुरु पळणारा धोबी पक्षी दिसेल. तो पावसाळा संपताना उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. मी तर दरवर्षी पहिला धोबी दिसला की त्या दिवसाची नोंद करते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं झाडापक्ष्यांचं झालं, मला त्यात रस नसेल तर? मग खाण्यातून या. तुमच्या डोंबिवली स्टेशनबाहेर पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात. सगळ्यांत आधी शेवळं येतात: तपकिरी-जांभळट कोंब, जुडी बांधलेली, आणि शेजारी हिरव्या आवळ्यासारख्या फळांचा छोटा वाटा. ती काकडं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. काकडांच्या आंबट रसाने ती खाज मारली जाते, म्हणून दोन्ही एकत्र विकतात. कशी साफ करायची ते विकणाऱ्या बाईलाच विचारा. आतला पिवळा भाग काढायला ती सांगेल. शेवळं फार तर तीन-चार आठवडे मिळतात. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, मग श्रावणाच्या आसपास करटोली. त्याआधी मेमध्ये पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं. हा क्रम एकदा डोक्यात बसला की स्टेशनबाहेरचा तो गजबजलेला, चिखलाचा कोपरा पार बदलून जातो. तुम्ही वाट बघायला लागता: "अजून शेवळं नाही आली?" वाट बघण्यातही एक मजा असते, आणि वर्षभर सगळं मिळणाऱ्या दुकानात ती मिळत नाही. भाव करताना फार ताणू नका, एवढी विनंती. त्या बायका पहाटे डोंगर उतरून, पहिली गाडी धरून येतात.

इथे एक शंका तुमच्या मनात येईल, कारण ती बहुतेकांना येते: हे सगळं करायचं म्हणजे आणखी एक काम डोक्यावर घेतल्यासारखं नाही का? होऊ शकतं. याद्या करणारी, फोटोंचे फोल्डर भरणारी, एक दिवस चुकला तर स्वतःवर चिडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ऑफिसचाच ताण असतो. म्हणून मी कुणालाही रोज डायरी लिहायला सांगत नाही. हवं तर घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दोन शब्द: "पहिली शेवळं", "तांबट", "डोंगरावर पाणी". पुढच्या वर्षी जुनं कॅलेंडर उघडून बघायला गंमत येते. वाईट दिवशी काहीच करू नका. मेगाब्लॉकच्या दिवशी बंद पडलेल्या गाडीत कुणालाही मोर आणि माकडं आठवत नाहीत, आणि आठवायलाच हवीत असंही नाही. शिवाय गर्दीचा त्रास, अपुऱ्या गाड्या, खड्डे हे खरे प्रश्न आहेत. फुलं बघितल्याने ते सुटत नाहीत आणि त्यांबद्दल बोलणं थांबवण्याचंही कारण नाही. तांबट आवडणारी माणसं गाड्या वाढवा म्हणून अर्जही करू शकतात.

मुलं असतील तर त्यांना एक चमत्कार नक्की दाखवा. मुंबई-डोंबिवली साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: १५-१६ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या सुमारास. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिन्यातला दिवस धरा. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास गच्चीवर एक सरळ डबा उभा ठेवा. काही क्षण त्याची सावलीच नाहीशी होते. मुंबईत राहणाऱ्यांना हे घरबसल्या दिसतं. दिल्लीत राहणाऱ्यांना कधीच दिसत नाही, कारण सूर्य तिथवर उत्तरेला जातच नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: वाटेवरच्या दोन-तीनच गोष्टी निवडा, एक ऐकायची, एक बघायची, एक खायची असं केलंत तर उत्तम. त्यांची माहिती एकदा नीट करून घ्या. मग रोज मुद्दाम काही करू नका, ती गोष्ट समोर येईल तेव्हा ओळखा.

आता शहराबाहेरच्या प्रवासाकडे येते. तुमच्या लिहिण्यात एक वाक्य होतं, "पोचेपर्यंतच सगळा मूड गेलेला असतो." म्हणजे सगळा आनंद मुक्कामाच्या ठिकाणी ठेवलेला आणि वाट म्हणजे नुसती शिक्षा. शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेवर गाडी घातली तर ती शिक्षाच असते, यात तुमची काही चूक नाही. पण तुम्ही मध्य रेल्वेच्या लाइनवर राहता, आणि कल्याणपुढची कर्जतची वाट ही महाराष्ट्रातल्या सुंदर वाटांपैकी एक आहे. कल्याण सोडलं की उजव्या हाताला डोंगररांग सुरू होते. आधी मलंगगड, त्याचा सुळका आणि कातळाचा माथा लांबूनही ओळखू येतो. बदलापूर-वांगणीला चंदेरीचा टोकदार कडा. नेरळला माथेरानचं सपाट पठार. तिथून वर जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची, एकवीस किलोमीटरची. डावीकडे दूर, हवा स्वच्छ असेल तर, सह्याद्रीची मुख्य भिंत दिसत राहते. हे चार आकार ओळखायला शिका. कागदावर त्यांच्या माथ्याची रेघ काढून घ्या, चित्रकला यायला हवी असं काही नाही. पुढच्या वेळी मुलाला विचारा, "आता कोणता येणार?"

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, कारण पुढचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. त्या थांब्यात वडे घेणारे सगळेच असतात. वडा घ्या, आणि खाली उतरू देण्याइतका वेळ असेल तर मागच्या डब्यांकडे बघून इंजिनं जोडताना बघा. हलका धक्का बसला की समजा जोडली. १८६३ मध्ये हा भोर घाट रेल्वेला खुला झाला, आणि तो बांधताना हजारो मजुरांनी प्राण गमावले, हे मी बरोबरच्या लोकांना नेहमी सांगते. घाटात बोगद्यांमधल्या उघड्या तुकड्यांत राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, दिसतात. खंडाळ्याजवळ नागफणीचा कडा, ज्याला ड्यूक्स नोज म्हणतात. पावसाळ्यात ढग असले तर काहीच दिसत नाही, आणि मग दोन मिनिटं ढग फाटतात आणि सगळं एकदम समोर येतं. खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी असं मला खूपजण विचारतात. जाताना एक घ्या, येताना दुसरी.

अलिबागला जाताना हाच विचार लाँचसाठी करा. गेटवेहून मांडव्याला किंवा भाऊच्या धक्क्याहून रेवसला बोटीने जाताना हिवाळ्यात कुरव, म्हणजे सीगल, पक्षी बोटीबरोबर उडत येतात. लोक त्यांना गाठ्या आणि फरसाण टाकतात. ते टाकू नका. तळलेलं, खारट खाणं त्यांना अपायकारक आहे. न टाकताही ते बराच वेळ बरोबर येतात. पावसाळ्यात मांडव्याच्या साध्या लाँच बंद असतात, तेव्हा हा बेत दिवाळीनंतरचा.

तर जुलैमधलं बुकिंग. ते रद्द करू नका, पण शनिवार-रविवारचं असेल तर हॉटेलला विचारून सोमवार-मंगळवारवर ढकलता येतं का बघा. बहुतेक ठिकाणी मधल्या वारी दरही कमी असतो. त्यासाठी दोन दिवसांची रजा टाकावी लागेल, ती टाका. कार घरी ठेवा. कल्याणहून पुण्याकडे जाणारी सकाळची गाडी धरा, आरक्षण आत्ताच करून ठेवा. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर जाण्याचा आग्रह सोडा. पावसाळ्यात तिथे गर्दी फार असते, पाणी अचानक वाढतं, आणि प्रशासन वेळेचे निर्बंधही लावतं, ते निघण्याआधी बघून घ्या. त्याऐवजी हॉटेलपासून पायी जाता येईल असा एखादा कमी वर्दळीचा रस्ता तिथल्याच माणसाला विचारा आणि सकाळी सहा-साडेसहाला छत्री घेऊन तासभर चाला. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता पुन्हा चाला, नवीन पॉइंट गाठायला जाऊ नका. पहिल्या दिवशी न दिसलेलं बरंच काही दुसऱ्या दिवशी दिसेल. परत येताना लोणावळ्याहून दुपारची गाडी घेतलीत तर घाट उजेडात उतरता येईल आणि डोंबिवलीत संध्याकाळच्या गर्दीच्या आत पोचाल.